रिॲक्टची वेबसाइट तयार आहे, आता मोबाइल ॲप हवे: किती कोड उचलता येतो आणि घोळ कुठे होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: घाऊक किराणा मालाच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट रिॲक्टमध्ये (पडदे बनवण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) चालू आहे, टीम तिघांची आहे. तेच काम आता अँड्रॉइड आणि आयफोनवर हवे आहे. रिॲक्ट येते म्हणजे रिॲक्ट नेटिव्ह (त्याच पद्धतीने फोनची ॲप लिहिण्याचे साधन) आलेच का? कोड किती उचलता येईल? शिवाय करून पाहिलेल्या नमुन्यात मालाची यादी अडखळते आणि शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाकले की कीबोर्ड बंद होतो, ते का?

नियम उचलता येतात, स्क्रीन नव्याने लिहाव्या लागतात. नियम म्हणजे दर काढणे, सवलत लावणे, ऑर्डर तपासणे, सर्व्हरशी बोलणे. तुमच्या वेबसाइटमध्ये हे सगळे कंपोनंटच्या (पडद्याचा एकेक तुकडा बनवणाऱ्या फंक्शनच्या) पोटात किती घुसले आहे, त्यावर बचत किती होणार ते ठरते. वेगळे ठेवले असेल तर बरेच काम वाचेल. ‘सेव्ह’ बटणाच्या हँडलरमध्येच (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) जीएसटीचा हिशोब लिहिला असेल, तर आधी तो उपसून बाहेर काढावा लागेल, आणि हे काम मोबाइलच्या पहिल्या ओळीआधी करायचे.

असे का, ते रिॲक्टच्या रचनेतच आहे. फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट खुले केले, तेव्हा ते ब्राउझरसाठीच होते. २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह आले आणि त्याच वर्षी ०.१४ आवृत्तीत रिॲक्ट आणि रिॲक्ट डॉम ही दोन पॅकेजेस वेगळी झाली. मूळ रिॲक्ट फक्त ‘काय बदलले’ एवढा हिशोब ठेवते. प्रत्यक्ष चित्र काढणारा वेगळा असतो: वेबवर रिॲक्ट डॉम, फोनवर रिॲक्ट नेटिव्ह. त्यामुळे स्टेट (कंपोनंटची बदलती माहिती), प्रॉप्स (त्याला बाहेरून दिलेली माहिती), हुक (‘यूज’ने सुरू होणारी रिॲक्टची फंक्शने) आणि कॉन्टेक्स्ट (अनेक कंपोनंटना एकदम पुरवलेली माहिती) दोन्हीकडे तसेच चालतात. डिव्ह, स्पॅन हे एचटीएमएलचे टॅग आणि सीएसएसच्या फायली मात्र फोनवर नसतात.

मांडणी अशी करा: एकाच रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) ‘वेब’, ‘मोबाइल’ आणि ‘सामाईक’ असे तीन भाग, एनपीएम किंवा पीएनपीएमच्या वर्कस्पेसने जोडलेले. ‘सामाईक’मध्ये काय जाऊ शकते याची कसोटी सोपी आहे. त्या भागाच्या चाचण्या ब्राउझरशिवाय, नुसत्या नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर) चालवा. विंडो किंवा डॉक्युमेंट (फक्त ब्राउझरमध्ये असणाऱ्या वस्तू) सापडत नाही म्हणून काही फुटले, तर ते तिथले नाही. लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधला छोटा साठा, हा नेहमीचा अपराधी. तो लगेच उत्तर देतो, तर फोनवरचे एसिंकस्टोरेज प्रॉमिस (‘उत्तर नंतर देतो’ असा वायदा) देते, म्हणून नुसते नाव बदलून भागत नाही. ‘वाचा’ आणि ‘लिहा’ अशी दोन फंक्शने बाहेरून पुरवा आणि दोन्ही प्रॉमिस देतील असेच वेबवरही लिहा. एसिंकस्टोरेजला अँड्रॉइडवर सुरुवातीला ६ एमबीची मर्यादा असते आणि त्यातला मजकूर कूटबद्ध नसतो. लॉगिनचे टोकन तिथे ठेवू नका. त्यासाठी एक्स्पोचे (रिॲक्ट नेटिव्हवर उभ्या असलेल्या फ्रेमवर्कचे) सिक्युअरस्टोर आहे.

वर्कस्पेसमध्ये हमखास येणारी एक अडचण म्हणजे ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ची चूक. हुक बरोबर लिहिलेला असतो, पण वेबची रिॲक्टची आवृत्ती वेगळी आणि मोबाइलची वेगळी असल्याने सामाईक भाग भलतीच प्रत उचलतो. रिॲक्ट नेटिव्हची प्रत्येक आवृत्ती रिॲक्टच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. म्हणून मोबाइलला जी लागते तीच वेबवर आणा आणि सामाईक पॅकेजमध्ये रिॲक्ट ‘पिअर डिपेंडन्सी’ म्हणून, म्हणजे स्वतःची प्रत न आणता वापरणाऱ्याचीच घेणारे असे, नोंदवा. ‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ चालवून एकच आवृत्ती दिसते का, ते पाहा.

आता स्क्रीन. मोबाइलचा नवा प्रकल्प एक्स्पोने सुरू करा. रिॲक्ट नेटिव्हचे अधिकृत दस्तऐवजही आता फ्रेमवर्क वापरायलाच सांगतात. एक्स्पो गो हे तयार ॲप पहिल्या दोन दिवसांपुरते ठीक आहे. बारकोड, प्रिंटर किंवा पेमेंटचे एखादे नेटिव्ह मॉड्यूल (थेट फोनच्या भाषेतला कोड असलेले पॅकेज) लागले की ते पुरत नाही, स्वतःचे डेव्हलपमेंट बिल्ड करावे लागते. ते पहिल्याच आठवड्यात केलेले बरे. रिॲक्ट नेटिव्हची नवी आर्किटेक्चर (आतली नवी रचना) ०.७६ आवृत्तीपासून आपोआप चालू असते आणि ०.८२ पासून जुनी चालवताच येत नाही. एखादे पॅकेज निवडताना ते नव्या आर्किटेक्चरवर चालते का, एवढे तपासले की पुढचे आठवडे वाचतात.

वेबवरून येणारा माणूस पहिल्या दिवसात जिथे अडखळतो त्या जागा सांगतो. प्रत्येक अक्षर ‘टेक्स्ट’ कंपोनंटच्या आतच असावे लागते. त्यामुळे वेबवर चालून गेलेली एक सवय इथे ॲप पाडते. ‘संख्या, मग दोन अँपरसँड, मग कंपोनंट’ अशी अट लिहिली आणि संख्या शून्य असली, तर वेबवर कोपऱ्यात एक ‘०’ दिसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. फोनवर तोच शून्य ‘टेक्स्ट’च्या बाहेर पडतो आणि लाल पडदा येतो. अट ‘संख्या शून्याहून मोठी’ अशी लिहा.

फ्लेक्सबॉक्स आहे, पण मुळात दिशा उभी असते, आडवी नाही. स्टाइल वरून खाली झिरपत नाही. फॉन्ट बाहेरच्या ‘व्ह्यू’ला लावून उपयोग नाही, फक्त ‘टेक्स्ट’च्या आतल्या ‘टेक्स्ट’ला वारसा मिळतो. नेटवरून येणाऱ्या चित्राला रुंदी-उंची दिली नाही तर ते दिसतच नाही आणि चूकही येत नाही. लाइनहाइट हा पट नसून थेट माप असते. वेबप्रमाणे १.५ लिहिले की सगळ्या ओळी एकमेकींवर चढतात.

कीबोर्ड बंद होण्याचे कारण जवळजवळ नक्की हे: एका कंपोनंट फंक्शनच्या आत दुसरे कंपोनंट फंक्शन लिहिले आहे. उदाहरणार्थ, ‘मालयादी’च्या आतच ‘शोधचौकट’ नावाचे फंक्शन. अक्षर टाइप झाले की स्टेट बदलते, ‘मालयादी’ पुन्हा चालते आणि दर वेळी ‘शोधचौकट’ हे नवे फंक्शन तयार होते. नाव तेच असले तरी रिॲक्टच्या दृष्टीने हा वेगळा प्रकार आहे. म्हणून जुनी चौकट काढून टाकली जाते, नवी बसवली जाते आणि फोकस जातो. वेबवरही हेच होते. फोनवर कीबोर्ड खाली-वर होत असल्याने ते जास्त छळते. आतले फंक्शन फाइलच्या पातळीवर आणा आणि लागेल ते प्रॉप्समधून द्या. एवढ्याने प्रश्न सुटला नाही, तर चौकटीला दिलेली ‘की’ (रिॲक्ट तुकडा ओळखते ती खूण) दर रेंडरला, म्हणजे कंपोनंट पुन्हा चालताना, बदलते आहे का ते पाहा. तारीख-वेळेवरून किंवा यादृच्छिक आकड्यावरून ‘की’ बनवणारे महाभाग असतात.

‘की’चा विषय निघालाच आहे तर इथे थोडे थांबू, कारण ऑर्डरच्या ॲपमध्ये तिची चूक पैशांत मोजावी लागते. यादीतल्या ओळींना अनुक्रमांक ‘की’ म्हणून दिला आणि प्रत्येक ओळीत नगांची चौकट स्वतःचे स्टेट ठेवत असेल, तर पहिली ओळ काढली की काय होते? तूरडाळ काढली, साखर पहिल्या जागी आली. पण रिॲक्टला दिसते ते एवढेच की शून्य क्रमांकाची ओळ अजून आहे आणि शेवटची गेली. तूरडाळीचे २० नग आता साखरेपुढे दिसतात. ‘की’ म्हणून मालाचा डेटाबेसमधला आयडी द्या. नगांची संख्याही ओळीत न ठेवता वर, ऑर्डरच्या स्टेटमध्ये ठेवा. उलट बाजूने हीच ‘की’ मुद्दाम वापरता येते. ग्राहक बदलला की अख्खा फॉर्म कोरा व्हायला हवा असेल, तर फॉर्मला ग्राहकाचा आयडी ‘की’ म्हणून द्या. इफेक्ट (रेंडरनंतर चालणारा, यूजइफेक्ट हुकने लिहिलेला कोड) लिहून एकेक चौकट रिकामी करत बसावे लागत नाही.

स्टेट किती ठेवायचे, याबाबत माझे मत थोडे कडक आहे: जे मोजून काढता येते ते स्टेटमध्ये ठेवायचे नाही. मालाचे आयडी आणि नग हे स्टेट. एकूण रक्कम, कर, ‘ऑर्डर पूर्ण आहे का’ हे सगळे रेंडर होताना काढा. रक्कम वेगळ्या यूजस्टेटमध्ये ठेवून यूजइफेक्टने जुळवत राहिले, तर एक जादा रेंडर होतोच. शिवाय इफेक्ट कशावर अवलंबून आहे ती यादी अपुरी राहिली की बिल आणि यादी जुळत नाहीत. शे-दोनशे ओळींची बेरीज करायला फोनला काही लागत नाही.

यूजइफेक्टबद्दल आणखी दोन गोष्टी. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका उघड करणाऱ्या कडक तपासणीत), विकासाच्या वेळी, कंपोनंट बसवताना इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवला जातो. ‘एपीआय दोनदा जाते’ म्हणून स्ट्रिक्ट मोड काढून टाकू नका. इफेक्टची आवराआवर (क्लीनअप फंक्शन) तुम्ही लिहिलेली नाही, एवढेच तो दाखवत असतो. दुसरी गोष्ट शोधाची. माणूस ‘तां’ टाइप करतो, मग ‘तांदूळ’. पहिल्या मागणीचे उत्तर उशिरा आले तर ते दुसऱ्याच्या डोक्यावर बसते आणि ‘तांदूळ’ लिहूनही तांब्याची भांडी दिसतात. आवराआवरीच्या फंक्शनमध्ये ॲबॉर्टकंट्रोलरने जुनी मागणी रद्द करा आणि टाइप थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी नवी पाठवा.

खरे तर हे हाताने लिहूच नका, टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरची माहिती आणून साठवणारी लायब्ररी घ्या. तिचे हुक दोन्हीकडे तसेच चालतात, फक्त मुळातली वागणूक माहीत हवी. माहिती आल्याक्षणी ‘शिळी’ धरली जाते, चूक आली तर तीनदा पुन्हा प्रयत्न होतो आणि न वापरलेला साठा ५ मिनिटांनी टाकून दिला जातो. खिडकीवर परत आल्यावर ताजी माहिती आणणे वेबवर आपोआप होते, फोनवर नाही. तिथे तिच्या फोकसमॅनेजरला ॲपस्टेटशी (ॲप समोर आहे का ते सांगणारे) आणि ऑनलाइनमॅनेजरला नेटइन्फोशी (नेट आहे का ते सांगणारे) स्वतः जोडावे लागते. हे विसरले की ‘ॲप सकाळी उघडले तरी कालचेच दर दिसतात’ ही तक्रार येते. ऑर्डर पाठवण्याच्या मागणीला मात्र ॲपने बनवलेला एक अद्वितीय क्रमांक जोडा आणि तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने नवी ऑर्डर करू नये. नेटवर्क अर्ध्यात तुटले की माणूस बटण पुन्हा दाबणारच.

आता अडखळणारी यादी. स्क्रोलव्ह्यूमध्ये मॅप करून ८०० ओळी टाकल्या असतील तर त्या सगळ्या एकदम बनतात. फ्लॅटलिस्ट घ्या, ती दिसणाऱ्या ओळींच्या आसपासच्याच ओळी बनवते. पण फ्लॅटलिस्ट घेऊनही अडखळत असेल तर आधी पाहा, ती त्याच दिशेच्या स्क्रोलव्ह्यूच्या आत आहे का. असेल तर तिला उंचीची मर्यादाच राहत नाही आणि दिसणाऱ्या ओळींपुरते काम करण्याचा फायदा संपतो. वरचा बॅनर आणि शोधाची चौकट यादीच्या हेडरमध्ये द्या, बाहेरचा स्क्रोलव्ह्यू काढा.

मग ओळ हलकी करा. ओळीचा कंपोनंट मेमोमध्ये गुंडाळा, म्हणजे प्रॉप्स न बदलता तो पुन्हा चालत नाही. तिला दर वेळी नवे फंक्शन देऊ नका. एकच स्थिर हँडलर द्या आणि ओळीने आपला आयडी त्याला सांगावा. रिॲक्ट कंपायलर (बिल्डच्या वेळी कोड सुधारणारे साधन) २०२५ मध्ये स्थिर झाला आणि तो यातले बरेच आपोआप करतो. ओळींची उंची ठरलेली असेल, समजा ७२, तर फ्लॅटलिस्टला गेटआयटमलेआउट (ओळीची जागा आधीच सांगणारे फंक्शन) द्या, म्हणजे मोजणी वाचते. विंडोसाइझ, म्हणजे किती पडद्यांएवढ्या ओळी तयार ठेवायच्या ते माप, मुळात २१ असते: समोरचा एक पडदा, वर १० आणि खाली १०. साध्या फोनवर ती ७ ते ११ पर्यंत उतरवता येते. त्याहून कमी केली तर भरभर सरकवताना पांढरे पट्टे दिसतात. हे आकडे शेवटी हलवायचे. जड ओळ तशीच ठेवून नुसते आकडे फिरवणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

शॉपिफाय कंपनीचे फ्लॅशलिस्ट, फ्लॅटलिस्टच्या जागी वापरता येणारे, मोठ्या यादीला चांगले आहे. मात्र ते ओळींचे सांगाडे पुन्हा वापरते. ओळीत स्वतःचे स्टेट असेल तर एका मालाची उघडी घडी दुसऱ्या मालावर उघडी दिसते. वर सांगितलेली नगांची संख्या वर ठेवायची सवय इथेही कामी येते.

बहुतेक वेळा खरा चोर असतो तो चित्रांत. गोदामात फोनने काढलेला ४००० बाय ३००० चा फोटो फाइल म्हणून ३ एमबीचा असेल, पण उलगडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट धरून मेमरीत ४८ एमबी होतो. तो ६४ मापाच्या चौकोनात दाखवला म्हणून लहान होईलच असे नाही. दाट पडद्यावर त्या चौकोनाला १९२ पिक्सेल पुरतात, म्हणून सर्व्हरवरच २०० पिक्सेलची प्रत बनवा आणि यादीत तीच मागवा. चित्रांसाठी एक्स्पो इमेज वापरा, साठवण नीट होते.

मोजायचे कसे? डेव्हलपमेंट बिल्डवर कधीच मोजू नका, तो मुळातच मंद असतो. रिलीज बिल्ड, आणि तुमच्या ग्राहकांकडे असतो तसा ३-४ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० वर ८.३. यादी सरकते पण दाबलेले बटण उशिरा लागते, असे असेल तर जावास्क्रिप्टचा धागा अडकला आहे. सरकणेच अडखळत असेल तर चित्रे, सावल्या आणि एकात एक घातलेले व्ह्यू पाहा.

मराठीत ॲप असेल तर काही गोष्टी इंग्रजी नमुन्यांत सापडत नाहीत. मात्रा आणि रफार वरून कापले जातात, खासकरून अँड्रॉइडवर. १६ च्या अक्षराला लाइनहाइट २४ ते २७ ठेवा आणि बटणाला ठरावीक उंची न देता पॅडिंग द्या. लेटरस्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेघ तुटते. नाव लांब म्हणून स्ट्रिंग दहाव्या स्थानावर कापली तर ‘क्षि’ अर्ध्यात तुटू शकते, कारण ते एक अक्षर चार कोडपॉइंटचे (संगणकाच्या दृष्टीने चार चिन्हांचे) आहे. कापायचे काम ‘टेक्स्ट’च्या नंबरऑफलाइन्सवर (किती ओळी दाखवायच्या ते सांगणाऱ्या प्रॉपवर) सोपवा. दुकानदार मराठी कीबोर्डवरून ‘१२’ लिहितो आणि नंबर फंक्शन त्याचे ‘संख्या नाही’ करते. हिशोबाआधी देवनागरी अंक बदलून घेणारे चार ओळींचे फंक्शन सामाईक भागात ठेवा आणि प्रत्येक चौकटीला तेच लावा. संख्या दाखवताना भाषेचा कोड ‘एमआर-आयएन’ दिला की अंक देवनागरीत आणि गट लाख-कोटीचे येतात, १,२३,४५६ असे. इंग्रजी अंक हवे असतील तर ‘ईएन-आयएन’. बिलावर कोणते हवे ते ग्राहकाला आधी विचारा, नंतर वाद नको.

फॉर्मच्या स्क्रीनवर ‘बटण दोनदा दाबावे लागते’ अशी तक्रार येईल. कीबोर्ड उघडा असताना स्क्रोलव्ह्यू पहिला स्पर्श कीबोर्ड मिटवण्यात खर्च करतो. कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स ‘हँडल्ड’ करा. अँड्रॉइड १५ पासून ॲप काठापासून काठापर्यंत पसरते, म्हणून पट्ट्यांपासून सुरक्षित जागा सांगणारे सेफ एरिया कॉन्टेक्स्ट पॅकेज पहिल्या दिवसापासून लावा. नाहीतर ‘ऑर्डर पाठवा’ बटण खालच्या पट्टीखाली जाते.

सर्व्हरशी जोडताना: अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो एम्युलेटर स्वतः. तुमच्या संगणकासाठी पत्ता १०.०.२.२ असतो. खऱ्या फोनवर संगणकाचा वायफायवरचा पत्ता द्या. आणि डीबगमध्ये चालणारे ॲप रिलीजमध्ये ‘नेटवर्क रिक्वेस्ट फेल्ड’ म्हणत असेल, तर पत्ता एचटीटीपीएस आहे का पाहा. अँड्रॉइड ९ पासून साधे एचटीटीपी मुळात बंद आहे.

वेळेचा अंदाज बांधताना ॲप दुकानांचे, म्हणजे गूगल प्ले आणि ॲपलचे, नियम धरा. गूगल प्लेचे खाते २५ डॉलर एकदाच, ॲपलचे ९९ डॉलर दरवर्षी. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले वैयक्तिक प्ले खाते असेल तर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. मॅक नसेल तर आयफोनचे बिल्ड एक्स्पोच्या क्लाउडवर होते. वेबसाइट नुसती वेबव्ह्यूत (ॲपमधल्या छोट्या ब्राउझरमध्ये) गुंडाळून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. ॲपल ‘किमान उपयोगिता’ या ४.२ कलमाखाली अशी ॲप परत पाठवते. पंधरा-वीस स्क्रीन आणि तिघांपैकी दोघे पूर्णवेळ, असे असेल तर मी अडीच ते तीन महिने धरीन. त्यातले पहिले दोन आठवडे फक्त वेबसाइटच्या कोडमधून नियम उपसण्याचे.

वेबच्या स्क्रीनही ‘रिॲक्ट नेटिव्ह वेब’वर (रिॲक्ट नेटिव्हचे कंपोनंट ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या लायब्ररीवर) नेऊन एकच कोड ठेवावा का? नवे काही सुरू करत असता तर विचार करण्याजोगे होते. तुमची वेबसाइट चालू आहे, तिच्यावर रोज ऑर्डरी येतात. तिला हात लावू नका.

शेवटी अद्ययावत करण्याबद्दल. एक्स्पो अपडेटने जावास्क्रिप्टचे बदल ॲप दुकानाच्या तपासणीशिवाय पोचतात, पण नेटिव्ह मॉड्यूल जोडले असेल तर नाही. नवे मॉड्यूल मागणारा कोड जुन्या बिल्डवर गेला की ॲप उघडताच बंद पडते, आणि ते सगळ्यांकडे एकदम. रनटाइम आवृत्तीचे (कोणत्या बिल्डला कोणते अपडेट जुळते ते ठरवणाऱ्या खुणेचे) धोरण ‘फिंगरप्रिंट’ ठेवा, म्हणजे न जुळणाऱ्या बिल्डला अपडेट जातच नाही. आणि साइनिंगची किल्ली, म्हणजे ॲप तुमचेच आहे हे सिद्ध करणारी फाइल, एकाच्या लॅपटॉपवर ठेवू नका.